लोटलेलं दार

"दार नुसतं लोटून जाते गं आये. सताड ठिवलं तर कुत्री शिरत्याल," मी म्हटलं.

आईनं डावा हात उचलून दाराकडं बोट केलं आणि घशातून आवाज काढला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिच्याकडं तेवढा एकच आवाज उरला होता, तोही खाटेपाशी असलं तरच ऐकू येईल एवढा. पाणी हवं असलं तरी तोच, राग आला तरी तोच. पण मी तिची लेक, मला फरक कळायचा. दार उघडंच ठेव, असं ती सांगत होती.

"लोटते म्हटलं, कुलूप घालते न्हाई म्हटलं. जरा ढकललं की उघडतंय. तुझ्या लेकाला येवढं तरी जमंल का न्हाई?"

तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला. मी तिचे केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसवलं, कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं. लेक येणार म्हणून आई सकाळपासून इतकी टवटवीत दिसत होती की मला थोडा हेवाच वाटला. महिनाभर तिचं हगणंमुतणं मी काढत होते, आणि डोळ्यांत चमक मात्र त्याच्या नावानं.

सुभाना माझा धाकटा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीतल्या शिरपतीशी त्याचं वाजलं, हातात खोरं होतं, रागाच्या भरात घातलं. शिरपती जागच्या जागी गेला. सुभानाला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. जन्मठेप झाली. पोलीस त्याला घेऊन गेले त्याच आठवड्यात आईनं सुताराला बोलावून दाराचा कडी-कोयंडा उपटून काढला.

"पोरगं अवेळी सुटून आलं तर दारात ताटकळाया नको," ती म्हणाली होती.

मी तिला वेड्यात काढलं होतं. आमचं घर गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. बाईमाणूस एकटं, आणि दाराला कडी नाही. मी शेजारच्या गावात दिलेली, तिथंच अंगणवाडीत कामाला. माहेरी आले की माझं आणि आईचं पहिलं भांडण त्या कडीवरून व्हायचं. तिनं काही ऐकलं नाही. वर्षं गेली, दार जुनं झालं, बाभळीची फळी फुगून चौकटीत घट्ट बसायला लागली, पण कडी काही परत आली नाही.

सुभानाला रजा कधी मिळालीच नाही. तो घरी आला तर गावात तंटा होईल, असा पोलीस ठाण्याचा शेरा दर वेळी इथून जायचा आणि अर्ज नामंजूर व्हायचा. मग तुरुंगात नवे साहेब आले. माणूस वेगळा होता म्हणे. बंद्यांना नावानं हाक मारायचा. आईच्या आजारपणाचं कळल्यावर त्यानं कागदावर विश्वास न ठेवता तुरुंगात समाजसेविका असलेल्या सुर्वे नावाच्या एका बाईंना गावात पाठवलं. त्या बाई आमच्याकडं नंतर आल्या. आधी गेल्या शिरपतीच्या बायकोकडं, पारूकडं. मी बरोबर होते. माझी तर मान वर होत नव्हती.

पारू ज्वारी पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि पाखडतच राहिली. नंतर सूप खाली ठेवून म्हणाली, "माझं माणूस काय परत येणार न्हाई. म्हातारीला तिचं बघू द्या."

एवढ्यावर रजा मंजूर झाली. तीही पोलीस बरोबर न देता. एकटा जाणार, एकटा परत येणार. साहेबांनी त्याच्यासाठी आपला शब्द टाकला होता.

तर त्या दिवशी मी दार लोटलं, मधूनमधून डोकावायला शेजारच्या तानूआत्यांना सांगितलं, आणि तालुक्याच्या स्टँडवर गेले. सुभाना गेला तेव्हा ओढ्यावर पूल नव्हता, वस्तीकडचा रस्ता बदललेला, त्याला सापडेल की नाही म्हणून मीच हट्टानं आणायला निघाले होते. तेव्हा मोबाइल फक्त शहरातल्या लोकांच्या हातात असायचे.

सकाळची गाडी आली, त्यात तो नव्हता. दुपारची आली, त्यातही नव्हता. त्याला लहानपणी कांदाभजी आवडायची म्हणून मी गरम भजी बांधून घेतली होती, ती गार होऊन कागदाला तेल सुटलं. कंट्रोलरला विचारून विचारून मी त्याचं डोकं उठवलं.

"बाई, किती येळा सांगू? त्या बाजूची आता संध्याकाळचीच गाडी," तो म्हणाला.

मला वाटायला लागलं, पळाला. सुटल्या सुटल्या तोंड घेऊन कुठंतरी गेला. साहेबांचा शब्द, पारूची माणुसकी, सगळं मातीत घातलं यानं. आता घरी जाऊन आईला काय सांगू? तिचे ते विंचरलेले केस आठवले आणि स्टँडच्या बाकड्यावर मला रडू कोसळलं. मनातल्या मनात मी त्याला नाही नाही ते बोलले.

शेवटी वैतागून मिळेल त्या वडापच्या जीपनं निघाले. फाट्यावर उतरून वस्तीकडं चालायला लागले तेव्हा दिवस कलला होता. सुगीचे दिवस, सगळी माणसं ज्वारीच्या काढणीला शिवारात. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं.

आणि आमच्या दारात सुभाना बसला होता.

भिंतीशी उकिडवा बसलेला. चपला काढून जोडीनं सरळ ठेवलेल्या. पिशवी मांडीवर, नजर जमिनीकडं. डोईवरचे अर्धे केस पांढरे झाले होते. तुरुंगात भेटायला जायची तेव्हा जाळीतून मला ते इतकं दिसलं नव्हतं.

"सुभाना!"

तो उठला, वाकून माझ्या पाया पडला. "अक्का, कुटं गेलतीस?"

"तुलाच आणाया. तू कसा आलास?"

"पयलं पोलीस ठाण्यात हजेरी लावायची हुती, म्हणून तालुक्याच्या अलीकडंच उतरलो. तितनं एक कांद्याचा टेंपो इकडं निघालता, त्यो म्हणला चल."

"कधी आलास?"

"झाला की येळ. ऊन हिकडं भिंतीवर हुतं." त्यानं हात केला ती भिंत आता पूर्ण सावलीत होती.

"मग आत का न्हाई गेलास?"

"हाक मारली हुती," तो म्हणाला.

त्याच्याशी वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. तो आला होता, हेच खूप होतं. "चल, आये सकाळपासनं डोळं लावून बसलीय," म्हणत मी खांद्यानं दार ढकललं. तो माझ्या मागून आला नाही. बाहेरच उभा राहिला.

आई खाटेवर नव्हती.

ती जमिनीवर होती, खाट आणि दार यांच्या मध्ये पालथी पडलेली. डावा हात पुढं, दाराच्या दिशेनं ताणलेला. गोधडी पायात अडकून तिच्या मागोमाग फरफटत आली होती. कोपर सोलवटलं होतं, नखांत शेणानं सारवलेल्या जमिनीची माती होती. ज्या बाईला कुशीवर वळवायला मी लागायची, ती तेवढं अंतर एका हातावर सरकत आली होती. दार तिच्या हातापासून लांब नव्हतं.

मी तिला उलटी केली. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं.

त्या वेळी मी ओरडले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी तिला उचलून खाटेवर ठेवलं. उचलताना काही वजनच लागलं नाही. लुगडं सारखं केलं, हात पुसला, माती काढली, गोधडी पांघरली. आपली आई अशी जमिनीवर पडलेली कुणी पाहू नये एवढंच मला कळत होतं. आणि मग बाहेरून आवाज आला.

"अक्का, येऊ का आत?"

तेव्हा माझा बांध फुटला.

तानूआत्या पदर खोचलेल्या तशाच शिवारातून पळत आल्या. दुपारी त्या डोकावून गेल्या होत्या. तेव्हा आई जागी होती, दाराकडं बघत होती. त्यांनी तिला पाणी पाजलं, दार परत लोटलं आणि काढणीला गेल्या. सुभाना त्यानंतर थोड्याच वेळात आला असावा. माणसं जमली. अग्नी सुभानानं दिला. तिचं मन शांत झालं असेल असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या माणसाचं थोबाड फोडावं असं मला वाटलं.

पुढचे दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मला त्याचा राग येत होता. दार लोटलेलं. खांदा लावला की उघडेल असं. आत आई जिवंत. आणि हा बाप्या बाहेर सावली सरकताना बघत बसला. गावात कुजबुज होतीच. कुणी म्हणे, तोंड दाखवायची लाज वाटली. कुणी म्हणे, आतनं काळीजच गेलंय त्याचं, रडला तरी का बघा. खरंच, तो रडला नाही. अंगणात उकिडवा बसून राहायचा. पाणी दिलं की प्यायचा, ताट ठेवलं तरी 'जेव' म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही. न्हाणीच्या दारापाशी बादली घेऊन ताटकळत उभा राहायचा. मी येऊन फळी ओढली की आत जायचा.

"राजं हायेत आमचं. दार उघडाया सुदिक माणूस लागतंय," मी एकदा त्याच्या तोंडावर म्हटलं. तो ओशाळून हसला. तेवढंच.

सुतक असलेल्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येते. तिसऱ्या दिवशीची भाकरी पारूकडून आली. ती स्वतः घेऊन आली, पाटी उंबऱ्याशी ठेवली, आणि सुभानाकडं बघितलं. तो उठून उभा राहिला होता, मान छातीला टेकलेली.

"जेव," पारू म्हणाली आणि गेली.

तेव्हा मात्र तो रडला. भाकरी हातात धरून बराच वेळ रडला. मी आतून बघत होते. मला वाटलं, पारूसाठी पाणी आलं डोळ्यांत, आईसाठी नाही आलं.

रजा दहाव्याच्या आधीच संपत होती. अर्ज केला असता तर वाढवून मिळाली असती, सुर्वे बाई तसं म्हणाल्याही होत्या. सुभाना ऐकेना.

"न्हाई अक्का. साहेबांनी पयल्यांदाच असं सोडलंय. मी येळंवर गेलो तर माझ्या मागच्यांना मिळंल. आमच्या बराकीत एक म्हातारा हाय, त्याला नातवाचं त्वांड बघायचंय."

"आणि आयचा दहावा?"

"तू हाईस की."

मला अजून चीड आली. पण त्याला एकट्याला पाठवायला मन धजेना. आईनं केलं नसतं तसं. म्हणून मी भाकरी बांधून त्याच्याबरोबर निघाले.

तुरुंगाचा मोठा दरवाजा, त्यातच एक लहान दार. मी पूर्वी भेटीला आले होते ती बाजूच्या खिडकीपाशी. या दारातून माणूस आत जाताना मी कधी बघितला नव्हता. समोर पोहोचल्यावर सुभानानं चपला काढल्या आणि जोडीनं सरळ ठेवल्या. दाराजवळ जाऊन आपलं नाव घेऊन एकदा हाक दिली. मग थोडा मागं सरकला, भिंतीशी उकिडवा बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि नजर खाली लावली.

मी बघतच राहिले. आमच्या दारात तो बसला होता तो अगदी असाच.

आतून काही हालचाल नव्हती. ऊन चढत होतं.

"आरं, परत हाक मार की. ऐकू गेलं नसंल," मी म्हटलं.

"न्हाई. येकदाच मारायची. परत मारली की त्यास्नी राग येतोय. पयल्या वर्साला लई मार खाल्ला म्या त्यापायी. आताचं साहेब तसलं न्हाईत, पर सवय मोडत न्हाई."

"मग ढकलून तरी बग. लोटलेलं बी आसंल."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला भिंतीतून चालत जा म्हटलं होतं. "दाराला हात लावायचा नसतोय अक्का. आतनं उघडत्यात."

मी तिथंच त्याच्या शेजारी मातीत बसले. एवढी वर्षं त्यानं एकही दार स्वतःच्या हातानं उघडलं नव्हतं. आईनं कडी उपटून टाकली होती आणि तुरुंगानं त्याच्या हातातून दार ढकलणंच काढून घेतलं होतं. ती आत, हा बाहेर, दोघंही एकमेकांसाठी थांबलेले. मला त्याच्या गळ्यात पडून आक्रोश करावासा वाटला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"अक्का, येक इचारू?" तो जमिनीकडं बघतच म्हणाला.

"इचार."

"त्या दिशी म्या हाक मारली, तवा आतनं आवाज आला हुता. कायतरी सरकल्यागत. फरफटल्यागत. थांबून थांबून. मला वाटलं, कुणीतरी उघडाया येतंय, म्हणून मी निवांत बसलो. मग त्यो बंद झाला." त्यानं पिशवीची गाठ सोडून परत बांधली. "तू आत गेलीस तवा आये खाटेवरच हुती न्हवं?"

"खाटेवरच हुती की. तू बघितलीस की."

"मग आत कोण हुतं?"

मला वाटतं, माझ्या आयुष्यात एवढा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही. आणि उत्तर द्यायला मला जराही वेळ लागला नाही.

"मांजर," मी म्हटलं.

"आपल्यात मांजर हाय?"

"हाय की. आयनं पाळलंय. गोधडी वढत हिंडतं घरभर. माणसं आली तवा बुजून पळालं, म्हणून तुला दिसलं न्हाई."

"आणि आये?"

"आये झोपेतच गेली सुभाना. तुझी हाक तिच्या कानावर बी पडली नसंल."

त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग त्यानं छाती रिकामी केल्यासारखा श्वास सोडला. "मग बरं झालं," तो म्हणाला. "मला आपलं उगंच वाटत हुतं."

तेवढ्यात अडसर सरकला आणि लहान दार उघडलं. आतल्या शिपायानं डोकं बाहेर काढलं, त्याला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"आलास का सुभाना? साहेब सकाळपासून दोनदा विचारून गेले. चल, आत ये."

'ये' म्हटल्यावर तो उठला, माझ्या पाया पडला आणि वाकून आत गेला. दार लागलं. त्याच्या चपला बाहेरच राहिल्या होत्या. मी दार वाजवून त्या आत दिल्या.

त्याच्या मागच्या त्या म्हाताऱ्याला रजा मिळाली, हे मला सुर्वे बाईंकडून पुढं कळलं. सुभानाही चांगल्या वागणुकीवर शिक्षा संपायच्या आत सुटला. आता माझ्याकडंच असतो. तुरुंगात सुतारकाम शिकला होता, तेच करतो. पंचक्रोशीतली माणसं त्याच्याकडून दारं करून घेतात. दार बसवून झालं की तो बाजूला सरकतो आणि घरधनी उघडून बघेपर्यंत उभा राहतो. लोकांना वाटतं, अदब आहे. माझ्या दारातही तो येऊन थांबतो. मी आता टोमणे मारत नाही. हातातलं काम टाकून उठते आणि उघडते.

गेल्या वर्षी तो हत्यारांच्या पिशवीतून एक मांजराचं पिल्लू घेऊन आला.

"आयेचं मांजर असंच हुतं का गं? रंगानं?"

"असंच," मी म्हटलं आणि पिल्लाला वाटीत दूध घातलं. आईनं जन्मात कधी मांजर पाळलं नव्हतं.

ते पिल्लू आता मोठं झालंय. कधी चुकून घरात कोंडलं जातं आणि आतून दार खरवडतं. सुभाना अंगणात फळी रंधत असतो. तो आवाज आला की तो रंधा टाकून धावत येतो. हाक मारत नाही, माझ्यासाठी थांबत नाही. दोन्ही हातांनी दार ढकलतो आणि म्हणतो, "आलो, आलो."

दुसऱ्या कुठल्याही दाराला तो अजून हात लावत नाही. त्याला सगळं कळलं आहे का, हे मी कधी विचारलेलं नाही, आणि त्यानंही मला मांजराबद्दल परत काही विचारलेलं नाही.